खालचा सूर

मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं सुरू झालं आणि रोमुलो रडायला लागला.

मारिबेलला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, नाट्यगृहातल्या गारठ्यानं सर्दी झाली असेल. मग रंगमंचावरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. गाल ओले होते. तिच्या वडिलांची शवपेटी खांद्यावर घेताना या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मुलगी झाली तेव्हाही नाही.

समोर होस्टेलच्या खोलीत तीन पोरं एकाच भांड्यातले नूडल्स खाता खाता गात होती. गाणी रोमुलोच्या कॉलेजच्या काळातली, तेव्हा मनिलातल्या प्रत्येक जीपनीत, त्या रंगीबेरंगी मिनीबसमध्ये, वाजायची ती. त्या जुन्या गाण्यांभोवती कुणीतरी गोष्ट गुंफली होती. तिघांची दोस्ती, मग नोकऱ्या, बायका, आणि तिघांतल्या एकाला बाकी दोघांनी हळूहळू टाळणं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीनं तिकिटं आणून दिली होती. "तुम्हाला सगळी गाणी पाठ असतील," ती म्हणाली होती.

मध्यंतरात रोमुलोनं दोन गरम शोपाव, सारण भरलेले वाफाळते पाव, आणले. मारिबेलनं आपल्या पावाचा कागदही काढला नाही.

"कोण होती ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी रडत होतास."

रोमुलोनं घास गिळला. "तोतोय."

मारिबेलला हसूच फुटलं. इतकी वर्षं तिनं पहारा दिला होता. समोरच्या इमारतीतली नर्स, ऑफिसातली ती लाल नखांची, कॉलेजात त्याच्याबरोबर नाचात असलेली एक. आणि हा रडत होता तोतोयसाठी! दुसऱ्याच्या सिगारेटी ओढणाऱ्या, गिटार पाठीला लावून हिंडणाऱ्या त्या कॉलेजातल्या दोस्तासाठी, तोतोयसाठी.

"तो जपानला गेला होता ना? हॉटेलात गायला?"

"तिकडेच वारला. आपली पोरगी शाळेत जायला लागली त्या वर्षी."

"आणि मला बोलला नाहीस?"

"सेबूला गेलो होतो बघ मी, ऑफिसच्या कामाला म्हणून. काम नव्हतं. त्याला तिथं गावी आणलं होतं, त्याच्या मातीला गेलो होतो."

मारिबेलचं हसू विरलं. सेबू तिला चांगलं आठवत होतं. शर्ट तिनंच इस्त्री करून दिले होते. परत आल्यावर धुवायला टाकताना एका खिशात मोगऱ्याची चुरगळलेली फुलं सापडली होती. त्यावरून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. कोण ती, नाव सांग, आत्ता सांग. रोमुलो मान खाली घालून ऐकत बसला होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

"अरे, मग सांगायचं ना तेव्हाच!"

"काय सांगू? आपल्या लग्नात तो गाणार होता. तूच म्हणालीस, तो आला तर मी चर्चच्या पायरीवरून माघारी जाईन."

"पिऊन तमाशा करायचा तो, म्हणून म्हणाले."

"प्यायचा," रोमुलो म्हणाला. "तमाशा कधी केला नाही त्यानं."

आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला झोंबलं. इतकं जपून तो तिच्याबद्दल कधी कुणाशी बोलला नव्हता. बाई असती तर काय करायचं ते मारिबेलला ठाऊक होतं. चूल बंद ठेवली असती, नणंदेला फोन करून रडली असती, त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली असती. मेलेल्या माणसाच्या दारात जाऊन कसं भांडायचं?

"मी गेले तर रडशील का रे एवढा?"

"काहीतरीच काय बोलतेस! चल, घंटा झाली."

"माझं डोकं दुखतंय. घरी जाऊ."

या एका वाक्यावर तिनं त्याला किती मित्रांच्या घरून, किती वाढदिवसांतून उठवून आणलं होतं. रोमुलोनं तिच्याकडे पाहिलं. हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"तू टॅक्सीनं हो पुढं. मी शेवट बघून येतो."

आणि तो आत गेला. एकदाही वळला नाही.

ती काचेच्या दारापर्यंत गेली. बाहेर दुपारचं ऊन मी मी म्हणत होतं. एका टॅक्सीवाल्यानं काच खाली केली, तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. तेवढ्यात आत गाणं सुरू झालं आणि बघता बघता सगळं नाट्यगृह त्यात सामील झालं. मारिबेल मागे फिरली. दारातल्या मुलीनं तिकिटावर बॅटरी मारली. "सांभाळून हं मॅडम, पायऱ्या आहेत."

ती खुर्च्यांच्या पाठी चाचपत खाली उतरली. रंगमंचावर दोन पिकल्या केसांचे पुरुष एका शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहून ते होस्टेलातलं गाणं म्हणत होते. लोक रडत होते, गात होते. आणि रोमुलो गात होता.

घरी कराओके लावून कुणी माईक पुढं केला की हा तो शेजाऱ्याला द्यायचा. मला सूर नाही म्हणायचा. सूर होता. पण सगळे म्हणत होते ती चाल तो म्हणत नव्हता. तिच्या खालून जाणारा दुसराच सूर त्यानं धरला होता, हळू, स्थिर. मुख्य चाल म्हणणारा बाजूलाच असला की जसं गातात तसा.

मारिबेल त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. त्याची नजर रंगमंचावरून हलली नाही. शेजारच्या रिकाम्या, तिच्याच खुर्चीवर त्याचा तळहात पसरलेला होता. तिनं त्या खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"माफ करा," रोमुलो अंधारात म्हणाला, "इथं माणूस आहे."