साहेबाच्या पायथ्याशी

“या साहेबाचं वहीत काय लिहू?” चिंतामणीने विचारलं. “दगडावरचं नावही झिजलंय. कोणी नामांकित होता का?”

“गिरणीत मास्तर होता म्हणतात,” कोंडीराम माळी म्हणाला. “दुसरं काय ठाऊक नाय.”

शिवडीच्या कबरस्तानातल्या नामांकितांची यादी करायचं काम ऑफिसने चिंतामणीवर टाकलं होतं. फणसवाडीतला हा कारकून ते जीव लावून करत होता. दोन जज्ज, जहाजाचा कप्तान, पटकीच्या साथीत गेलेला डॉक्टर, पियानो शिकवणारी एक मडम, सगळे वहीत आले होते. ज्यांचं नाव यादीत नाही आणि वारसही नाही, त्यांच्या कबरी एक मेनंतर खणून जागा नव्या मयतांना द्यायच्या होत्या.

“मग हा जाणार.”

कोंडीराम घुटमळला. “लालबागची अंबिका येते इथं. दर महिन्याला फुलं वाहते. साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती.”

चिंतामणीने तिला पाहिलं होतं. क्रुसाकडे ती बघायचीही नाही. सोनचाफ्याची चार फुलं पायथ्याच्या मातीवर ठेवायची, तळव्याने माती हळूच दाबायची आणि निघायची. मोलकरणीची अदब, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबाची कबर राखा म्हणायला अंबिका कबरस्तानातल्या ऑफिसात आली.

“मोलकरीण चालत नाही, बाई. नातं लागतं,” चिंतामणी म्हणाला.

ती उभीच राहिली. बाहेर पोरं आरडाओरडा करत पताका बांधत होती. नवं महाराष्ट्र राज्य चार दिवसांवर येऊन ठेपलं होतं.

“मग लिवा,” ती म्हणाली. “मी साहेबाची ठेवलेली बाई होते.”

दारातल्या कोंडीरामच्या हातून झारी कलंडली.

“अहो, घरी नवरा आहे तुमचा! आणि आमचा शिपाई तुमच्याच चाळीत राहतो. संध्याकाळपर्यंत लालबागभर होईल.”

“होऊ दे. कबर खणू नका म्हणजे झालं.”

चिंतामणीने टाक दौतीत बुडवला. मग त्याने ‘ठेवलेली’ हा शब्द गाळून ‘पत्नी’ लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. ती गेल्यावर तो शिपायाला म्हणाला, “मेलेल्या माणसावर इतकी माया! नशीबवान हो साहेब.”

शिपाई नुसता हसला.

कोंडीरामने अंबिकेला साहेबाच्या कबरीजवळच्या चाफ्याखाली गाठलं.

“काय केलंस गो हे! त्या साहेबाचं तोंड तरी बघितलं होतंस?”

“नाय.”

“नवरा घरात घेईल तुला?”

“नाय घेतलं तर भायखळ्याला बहीण हाय.”

“त्याला तरी खरं सांग.”

“त्याच्या पोटात काय राहतं? उद्या गिरणीभर होईल. मग पहिली कुदळ इथंच पडेल आणि तुझी नोकरी जाईल.”

ती खाली बसली. पायथ्याची माती तिने तळव्याने सारखी केली.

“छप्पनच्या कर्फ्यूत नवरा गिरणीत अडकलेला, सोनापुरच्या मसणवटीपर्यंत कोण जाऊ देत नव्हतं,” ती म्हणाली. “तेव्हा तूच म्हणालास ना, कोंडीरामदादा, साहेबाच्या पायाशी दीड हात जागा हाय, बाळाला पुरेल?”