चांगला पाय

“म्हणजे सुरी चांगल्या पायाला लावणार?” शारदाबाईंनी विचारलं.

डॉक्टर जयसिंगरावांनी मान हलवली. एक्स-रेची फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती. तिच्यात बेबीचे दोन्ही गुडघे पांढुरके दिसत होते. डावीकडची हाडं बारीक होती. तीन वर्षांची असताना बेबीला ताप आला आणि उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. आता ती अकरा वर्षांची होती, आणि तो पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड राहिला होता.

“ही काळी रेघ बघा,” गुडघ्याजवळ बोट ठेवून डॉक्टर म्हणाले. “ही कूर्चा. कान दाबला की वाकतो ना, त्याच जातीची. हाड लांब होतं ते इथून. कूर्चा पुढे वाढत जाते, मागून तिचं हाड बनत जातं. डाव्या पायाला स्नायूंची ओढ नाही, काम नाही, म्हणून तो हळू वाढतो. त्याला वाढवायचं औषध माझ्याकडे नाही. उजव्याची रेघ मात्र बंद करता येते. तो थांबला की डावा हळूहळू त्याला गाठेल. पण मुलगी मोठी झाली की या रेघा आपोआप मिटतात. मग इलाज नाही.”

“आणि नंतर?”

“उंची थोडी कमी राहील. पण लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून एकटी चालेल.”

शारदाबाई थकल्या होत्या. आठ वर्षं तेलं झाली, वैद्य झाले, खजराण्याच्या गणपतीला नवस झाला. थंडी पडली की राजधानी ग्वाल्हेरला हले, सगळं सचिवालय तिकडे जाई, आणि त्याबरोबर ट्रंक घेऊन तिथं नोकरीला असलेले त्यांचे यजमान बाळकृष्णपंतही जात. नेमके असले निर्णय त्याच महिन्यांत घरावर येत आणि त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडत.

“नको,” त्या उठल्या. “एक पाय देवानं नेला. दुसरा आम्ही आपल्या हातानं खुरटवायचा? नको.”

बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघी मुली बसल्या होत्या. थोरली रमा सतराची. बेबीला पहिलीत घातलं त्या वर्षी रमाची शाळा सुटली. बेबी घरातल्या घरात लंगडत फिरे, पण शाळा लांब होती. तिला पाठीवर न्यायला, आणायला कुणीतरी हवं होतं. रमा समजूतदार. एकदाही कुरकुरली नाही.

दाराआडून बेबीनं सगळं ऐकलं होतं. “आई, करून टाकू ना! मी एकटी जाईन शाळेत. मला डर नाही वाटत.”

“गप बस. ज्याला काही झालेलं नाही, त्याला कशाला अडवून ठेवायचं?”

बेबीला पाठीवर घ्यायला रमा खाली बसली होती. ती तशीच राहिली.

“मला तरी काय झालं होतं, आई?”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

शारदाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. रमाला शाळेतून काढलं तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या, चहा तसाच ठेवून म्हणाल्या होत्या, मुलगी हुशार आहे हो. घरची अडचण आहे, एवढंच शारदाबाई बोलल्या. बाई गेल्यावर त्यांना हायसं वाटलं होतं. बेबीसाठी त्या किती रात्री रडल्या होत्या. त्या दिवशी मात्र रडू आलं नव्हतं.

रमा अजून वाकलेलीच होती. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरला होता. हे कधी झालं, शारदाबाईंना आठवेना.

“अगला कौन है?” कंपाउंडरनं हाक मारली. एक म्हातारा उठू लागला. शारदाबाई त्याच्या आधीच दार ढकलून आत गेल्या.

“करा, डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या. “केव्हा आणू तिला?”

“घरी विचारायचं असेल तर...”

“त्यांना मी कळवते.”

बाहेर येऊन त्यांनी पदर खोचला आणि बेबीसमोर पाठ करून बसल्या. “ये.”

बेबी बिचकत त्यांच्या पाठीवर चढली. भिंतीला धरून शारदाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, श्वास लागला. रमा घाईनं हात पुढे करून आली.

“तू हो पुढे,” शारदाबाई म्हणाल्या. “हिला मी आणते.”