अजून काही न केलेले

"मग तू काय म्हणालास त्याला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाही म्हणालो," साई म्हणाला. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या व्यायामशाळेत येणाऱ्या एका पाहुण्याला बॉम्बसाठी त्याच्याकडून कॉलेजच्या प्रयोगशाळेतली रसायनं हवी होती. "पण व्यायामशाळेतले माझे मित्र, ओम आणि भिकन, त्याच्या शिबिराला निघालेत, सर. रविवारी."

शेजारच्या खुर्चीत त्याची आई, सरुबाई, ताठ बसली होती. गंगेवरची, म्हणजे गोदावरीच्या घाटावरची, फुलांची पाटी जावेवर सोपवून ती आली होती.

"पाहुण्याला आम्ही बघतो. त्या दोघांनाही उचलावं लागेल."

"त्यांनी अजून काही केलेलं नाही. कुणी नीट बोललं तर थांबतील. मला भित्रा म्हणतात, माझं ऐकत नाहीत."

"बोलायला आमच्याकडे कोण आहे?" इन्स्पेक्टर हसले, पण हसू टिकलं नाही. "बंदूक घेऊन जंगलात गेलेला परत आला, तर त्याच्यासाठी सरकारची योजना आहे. घर, काम, सगळं. जो अजून गेलाच नाही, त्याच्यासाठी काही नाही. एक तर गुन्हा, नाहीतर घरी जा."

"मंग गुन्हा व्हायची वाट बघायची का सायेब?"

"मावशी, योजना मी करत नाही."

साईने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"माझा जबाब लिहून घ्या," साई म्हणाला. "पाहुण्याविरुद्ध."

"नाव कोर्टात येईल तुझं. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केलायस म्हणतोस. उद्या कारखान्याकडून चौकशी आली तर?"

"येऊ द्या."

जबाब लिहून झाला. साईने सही केली. सरुबाई उठली.

"रविवारपत्तुर त्या पोरांना हात लावू नका. त्यांच्या आया माझ्या वळखीच्या हायेत. मी आत्ताच जाते."

इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. "रविवारपर्यंत. आणि मागच्या दारानं जा, मावशी. पोरगा पोलिसात आला होता, हे गल्लीत कळायला नको."

"का बरं?" सरुबाईने साईच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढच्या दाराकडे वळवलं. "मी तर पहिलं तेच सांगणार हाय."