सायली लॉजचा दाखला

“मावशी, तुमचे मेल लोकांना पोचतच न्हाईत,” पंकज म्हणाला, आणि भागिरथीबाईंच्या हातातली खोलीची किल्ली टेबलावर पडली.

गुरुवारी शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. अशा गुरुवारी सायली लॉजच्या तीन खोल्या रिकाम्या राहिल्या होत्या. हैदराबादच्या एका कुटुंबासाठी त्या अडवून ठेवलेल्या. पण खोल्या राखल्याचा मेल त्यांना मिळालाच नाही, म्हणून ते दुसरीकडे उतरले आणि वर फोनवर भांडलेही. म्हणून तर बाईंनी कोपरगावहून पंकजला बोलावून घेतलं होतं. लॉजची वेबसाइट आणि मेल तोच सांभाळायचा.

“पोचत न्हाईत, तर जातात कुठं?”

“स्पॅममधी. समोरचं मशीन इचारतं, ह्यो मेल खरंच सायली लॉजचा, का त्यांच्या नावानं कुनी भामटा धाडतोय? आपल्याकडनं दाखलाच जात न्हाई. मग ते मेल अडगळीत टाकतं. कुनी बघत न्हाई, अन् महिन्यानं आपोआप पुसलं जातं. दाखला लावायचा राहून गेला, माझीच चूक हाय. आत्ता लावतो.”

तो कीबोर्ड बडवायला लागला. बाई मात्र खोल्या विसरल्या, हैदराबाद विसरल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पत्ता नाचायला लागला. सायलीचा.

सायली त्यांची एकुलती एक लेक. लॉजला नाव तिचं, आणि लॉजची वेबसाइट आणि मेल सुरू केले तेही तिनंच. मागच्या गणपतीत तिनं आईला न विचारता नाशिकला रजिस्टर लग्न केलं आणि बाईंचं डोकं फिरलं. पोरगी फोन उचलेना, तेव्हा त्यांनी लॉजच्या मेलवरूनच तिला लिहिलं, ‘तू मला मेलीस. या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस.’ एवढ्यावरही राग भागला नाही. पुढे वेबसाइट आणि मेलसुद्धा तिच्या नावावरून काढले आणि पंकजला सांगून दुसरीकडे हलवले. दारावरची पाटी तेवढी राहिली, कारण गिऱ्हाईक त्या नावावर येत होतं. डोकं कितीही फिरलं तरी धंदा कळतो माणसाला.

दिवाळीच्या करंज्या तळताना मात्र बाईंना रडू फुटलं. त्या मोबाईलपुढे बोलल्या, त्यानं लॉजच्याच मेलवर लिहून घेतलं, ‘चुकलं माझं. ये.’ संक्रांतीला पुन्हा लिहिलं. मग नाशिकच्या नणंदेकडून, राहीबाईकडून, सायलीला दिवस गेल्याचं कळलं आणि बाईंना राहवेना. ‘पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय. डिंकाचे लाडू वळून ठेवलेत.’ मेलमागून मेल गेले. उत्तर एकाचंही आलं नाही. पोरीनं फोनचा नंबर बदललेला. नवा नंबर राहीबाईकडे नक्की असणार, पण नणंदेपुढे पदर पसरायचं बाईंच्या जिवावर यायचं. आता आठवा महिना सरत आला होता.

आणि हा पंकज म्हणतोय, मेल पोचतच नाहीत!

करंज्या, रंगवलेली खोली, लाडू, सगळं गेलं अडगळीत. मग एकाएकी त्या ताठ उभ्या राहिल्या. म्हणजे पोरीनं तोंड फिरवलं नव्हतं! आणि हे मेल पोचले नाहीत, तर तो पहिला, तो करंटा मेल तरी कुठला पोचायला? सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. आपण काय बोलून बसलो ते लेकीला ठाऊकच नाही. आता आजच लिहायचं. काही घडलंच नाही असं समजून लिहायचं.

त्या लगबगीनं आत गेल्या. सायलीसाठी राखलेल्या डब्यातले चार लाडू बशीत घालून त्यांनी पंकजपुढे ठेवले.

“खा रं बाबा. लई मोठं काम केलंस.”

“झालं बघा, मावशी. लागला दाखला. हे बघा, माझ्या मोबाईलवर थेट आला तुमचा मेल. आता कुनालाबी लिवा.”

बाईंनी मोबाईल हातात घेतला. सायलीचं नाव काढलं आणि बोट तिथंच अडलं. एक शंका मनात आली.

“पंकज, आधीचा एकबी मेल पोचला नसंल ना? पार पहिल्यापासनं?”

त्यांचा उतरलेला चेहरा पाहून पंकजला वाटलं, बाईंना जुन्या गिऱ्हाइकांची काळजी लागली. त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तो लाडू मोडत हसून म्हणाला, “एवढं मनाला लावून घिऊ नका, मावशी. गनपतीतले समदे मेल बराबर पोचलेत. सायलीताईनं दाखला चोख लावून ठिवला हुता. तो तुटला दसऱ्याला. आपन ताईचं नाव काढून टाकलं, तवापासनं.”