सव्वा वाजताचा ग्राफ

"सकाळपासून शहाण्यासारखी वागते आणि सव्वा वाजला की हिच्या अंगात येतं," अनुया काचपट्टीकडे बघत पुटपुटली. त्या पट्टीवर तिने अमोनिया ओळखणारी पातळ फिल्म चढवली होती. पण रोज दुपारी सव्वाला, अमोनियाच्या बाटलीला कुणी हातही लावलेला नसताना, कॉम्प्युटरवरचा ग्राफ टुणकन वर जायचा.

तिचे गाइड दीनानाथ सर यांनी नवा स्टॅबिलायझर आणवला, एसी बंद करून पाहिला, पनवेलच्या दमट हवेलाही नावं ठेवून झाली. शेवटी आज ते म्हणाले, "तुझी फिल्मच सदोष आहे. पहिल्यापासून कर सगळं."

म्हणजे पीएचडीचं आणखी एक वर्ष. अनुयाने लॅब असिस्टंट मुनाफभाईंकडे आशेने पाहिलं. ते लगबगीने खिडकी उघडायला गेले.

"रोज काय हो खिडकी उघडता?"

"हवा खेळती बरी, सर."

स्टाफरूममध्ये, का कोण जाणे, सर जातील तेव्हा सगळ्यांचं जेवण झालेलं असे. म्हणून ते लॅबमध्येच जेवत. त्यांनी घड्याळ पाहिलं, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. ग्राफ टुणकन वर गेला.

"बघ! बघ!" सर हातातल्या घासानेच पडदा दाखवत ओरडले.

"सर, फिल्म अगदी बरोबर आहे," अनुया डोळे घट्ट मिटून म्हणाली. "तीन वर्षं आम्ही सगळे गप्प बसलो, तिला ते जमलं नाही. तुमच्या सुकटीचा फार वास येतो."