उशीर माफ

"आई, साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं?" कोर्टाचा जिना चढता चढता अमोलने पुन्हा एकदा विचारलं.

"टायफॉइड झाला होता," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"आणि निकालाचं कधी कळलं?"

"लय उशिरा."

"शाब्बास."

अमोलला जरा हायसं वाटलं. पण जराच. आईच्या पाठांतरावर त्याचा आता काडीचा भरवसा उरला नव्हता.

भांडण मखमलाबादच्या गुलाबाच्या मळ्याचं होतं. जमीन सुवर्णाबाईंच्या वडिलांची. ते गेल्यावर सुवर्णाबाईंनी हक्कसोडीच्या कागदावर सही केली आणि मळा धाकट्या भावाच्या, नाथाच्या नावावर झाला. मामाने आईला फसवून सही घेतली, असा अमोलचा दावा होता. दावा अर्थातच आईच्या नावाने, धावपळ सगळी अमोलची. शहर मळ्याच्या बांधाला येऊन टेकलं होतं, आणि गंगापूर रोडच्या दोन खोल्यांत बसून अमोल त्या मळ्यात रोज बंगला बांधत होता, मनातल्या मनात. आईला विचारलं तर ती म्हणायची, "तू म्हणशील तसं." नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आल्यापासून ती सगळ्यालाच असं म्हणायची.

पण खालच्या कोर्टात तिने पार माती केली. "सही करताना तुम्हाला कोणी फसवलं का?" असं मामाच्या वकिलाने विचारलं, तर म्हणाली, "मला कोन फसवनार? पुरणपोळी खाल्ली अन् सही केली." दावा फेटाळला गेला. काळे कोट बघून आई बावचळते, अशी अमोलने स्वतःची समजूत घातली.

पुढचा घोळ त्याहून मोठा. अपिलाला महिन्याची मुदत होती. अमोलने कागद सहीसाठी आईकडे दिले, तर ती ते कुठेतरी ठेवून विसरली आणि मामीच्या ऑपरेशनसाठी मखमलाबादला निघून गेली. ज्याच्याशी कोर्टात भांडायचं त्याच्याच घरी भाकरी थापायला जायचं, हे काही अमोलच्या डोक्यात शिरेना. पण तिथे बसून तडजोडीचं काही निघालं तर निघालं, म्हणून त्याने जाऊ दिलं. कागद शेवटी तांदळाच्या डब्यात सापडले. तोवर मुदत केव्हाच उलटून गेली होती.

"आईंना एकदा डॉक्टरांना दाखवा हो," त्याची बायको उज्वला म्हणाली. "चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, माझा फोन नंबर आठवत नाही. मला काळजी वाटते."

काळजी अमोललाही वाटत होती. आईची वाटत होती आणि मळ्याचीही. आता जिल्हा न्यायाधीशांनी उशीर माफ केला तरच अपील उभं राहणार होतं. माफ करायचा की नाही, ते सर्वस्वी त्यांनी ठरवायचं. कारण पटायला हवं. म्हणून खैरनार वकिलांनी ओळखीच्या डॉक्टरचा टायफॉइडचा दाखला अर्जाला जोडला होता.

पुकारा झाला. नाथा आला नव्हता, त्याचा वकील तेवढा उभा होता. न्यायाधीशांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि चष्म्यावरून सुवर्णाबाईंकडे बघितलं.

"बाई, तुम्ही आजारी होतात?"

"नाय साहेब. धडधाकट होते."

खैरनारांच्या हातातली फाईल खाली पडली.

"मग निकाल लागल्याचं उशिरा कळलं का?"

"नाय. त्याच दिवशी कळलं. मुदत किती हाय तेबी वकीलसाहेबांनी सांगितलं होतं."

"मग अपील का नाही केलंत? होतात कुठे?"

"भावाकडे. भावजयीचं ऑपरेशन झालं होतं. घरात भाकरी टाकायला बाईमाणूस नव्हतं, अन् गुलाबाची तोडणीबी चालू होती."

"हाच भाऊ? ज्याच्यावर तुम्ही केस केली आहे?"

"मला एकच भाऊ हाय, साहेब."

नाथाचा वकील खुशीत उठला. बाईंनीच सगळं कबूल केलंय, अर्ज फेटाळावा, एवढं बोलून तो बसला. अमोलने डोळे मिटून घेतले. त्याला आईचा राग आला, आणि तिची कीवही आली. जिन्यात तर बरोबर सांगत होती!

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"खैरनार, या दाखल्याबद्दल तुमच्याशी नंतर बोलतो," ते म्हणाले. "माझ्यापुढे रोज आजारपणं येतात. आपलं नुकसान होत असताना खरं बोलणारं माणूस क्वचित येतं. विरुद्ध पक्षाच्या घरचं दुखणं काढण्यात या बाईंची मुदत गेली. हे कारण पुरेसं नाही, तर मग कुठलं पुरेसं? उशीर माफ. अपील दाखल करून घ्या."

काय झालं ते अमोलला क्षणभर कळलंच नाही. आईच्या ज्या बोलण्याने सगळं बुडायचं, त्यानेच सगळं तरलं होतं. बाहेर आल्यावर त्याने आईचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"म्हंजी केस पुन्हा चालनार?" तिने विचारलं.

"चालणार म्हणजे काय, जिंकणार! रडतेस काय वेडे? तू इथे बस, मी पेढे घेऊन आलो."

पेढे घेऊन तो परतला तेव्हा ती व्हरांड्याच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बाकावर बसली होती. चष्मा मांडीवर तसाच पडलेला, आणि बोटं फोनवर भराभर नंबर दाबत होती. एकदाही अडली नाही. हिला कुणाचा नंबर पाठ आहे, या विचारात अमोल तिच्या मागे पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिला.

"नाथा, लय खटपट केली रे बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "साक्ष बुडवली, कागद तांदळात दडवले, आज तर समदं खरं खरं सांगून टाकलं. पन त्या भल्या मानसानं मला हरूच दिलं नाय."