पाहुणा घरी पाठवा

“उशी दे, उशी!” ग्रंथपाल उस्ताज बाबिकर म्हणाले. “पाहुणा आहे तो. असा कुणी उघड्या बाजेवर टाकतं का?”

रिहाबने हसत पुस्तकाखाली उशी सरकवली. नमुन्याला तिने स्वतःचंच जाडजूड व्याकरण घेतलं होतं. शेजारी सुंठेच्या कॉफीची सुरई ठेवली आणि मोबाइलवर फोटो काढला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या फेसबुक पानावर आज हेच चित्र जायचं होतं. खाली तिने ठसठशीत लिहिलं, ‘पाहुणचार तीन दिवसांचा. हा तुमच्याकडे दोन वर्षं राहिला. आता घरी पाठवा.’

कुलगुरूंनी स्पष्टच सांगितलं होतं. मुलांकडे अडकलेली पुस्तकं सत्र संपेपर्यंत परत आली तर ग्रंथालय राहील, नाही तर तो विषय बंद.

आधीच्या रुक्ष सूचनांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. “दटावून कोण येतं, पोरी?” उस्ताज म्हणाले होते. “गाऊन बोलवावं लागतं.” ते स्वतः कामाला बसले की नबींची स्तुतिपदं गुणगुणत. पद रंगात आलं की रिहाबची बोटंही त्याच ठेक्यावर चालत. चित्रं अशीच सुचली होती.

दुपारपर्यंत पानावर झुंबड उडाली.

‘मॅडम, माझ्याकडचा पाहुणा खाऊन खाऊन जाड झालाय. ओळखणार नाही तुम्ही!’

‘दंड किती लावणार?’

रिहाबने उत्तर टाकलं, ‘उपाशी ठेवला असेल तर दुप्पट.’

“येतील का गं?” उस्ताजांनी विचारलं.

“येणारच. मी बोलावतेय ना!”

गुरुवारी दार वाजलं. बाहेर मुझम्मिल उभा होता, अंगभर बसप्रवासाची धूळ. शरीरशास्त्राचा भलामोठा ग्रंथ त्याने आईच्या जुन्या तोबात, साडीसारख्या लांब वस्त्रात, बाळासारखा गुंडाळून आणला होता.

“या, नवाबसाहेब!” रिहाब कमरेवर हात ठेवून म्हणाली. “काउंटरवर किती थापा मारल्यास? आजी आजारी, बस चुकली, शेळीने पान खाल्लं...”

“शेळीचं खरं होतं, ताई,” तो पुटपुटला.

उस्ताजांनी ग्रंथ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणत भिंतीजवळच्या फळीवर उभा केला. मुझम्मिलची मान वर होईना.

“उस्ताज, माफ करा. तुम्ही स्वतः तीनदा फोन केला होता. तेव्हाच आणून द्यायला हवं होतं मी.”

उस्ताजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“वेड्या, तेव्हा आणून दिलं असतंस, तर हेही ग्रंथालयातल्या बाकीच्या सगळ्या पुस्तकांबरोबर जळालं असतं.”